तुझ्या पित्ताबद्दल

सांगली,
मंगळवार, रात्र

चि. सोनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "बाबा, पित्त झालंय. रात्री दोन-तीनला पोटात आग पडून जाग येते, दोन बिस्किटं खाल्ली की बरं वाटतं." मी "हं" म्हणालो आणि फोन आईकडे दिला. त्यानंतर मला झोप नाही. बोलायला बसलो तर तू मध्येच "नंतर बोलू" म्हणशील, म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत मी मिरजेला चार दिवस ॲडमिट होतो, ते ॲसिडिटीसाठी, असं तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. जठरात अल्सर होता आणि त्यातून रक्त जात होतं. तुझी नोकरी नवी, प्रोबेशन चाललेलं. आईला मीच शपथ घातली होती, ती आज सुटली असं समज.

आपल्या घरात पोटाच्या कुठल्याही तक्रारीला एकच नाव, पित्त. माझ्या वडिलांनाही पित्तच होतं. सकाळी मोरावळा, दुपारी धने-जिऱ्याचं पाणी, रात्री थंड दूध. दुधानं घटकाभर बरं वाटतं, पण त्यानंच पुढं आम्ल जास्त सुटतं, हे मला साठीत कळलं. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असले की जेवण तीनला, कधी चारला. त्यामुळं सगळ्यांनी निदान करून टाकलं होतं: अवेळी जेवण, मिसळ आणि टेन्शन. मीही तेच म्हणायचो. तिखटानं आधीची जखम झोंबते हे खरं, पण जखम तिखट करत नाही. मिसळीला उगाच आठ वर्षं शिव्या घातल्या.

या आठ वर्षांत सोनोग्राफी एकदा झाली. रिपोर्ट नॉर्मल. मग पोट नॉर्मल, असं आम्ही धरून चाललो. जठराच्या आतल्या अस्तरावरची जखम सोनोग्राफीत सहसा दिसतच नाही, हे तेव्हा ना मी विचारलं, ना कुणी सांगितलं. हळद साठवायची हरिपूरची जमिनीखालची पेवं तू लहानपणी पाहिली आहेस. वरून नुसती माती. आतली हळद कशी आहे ते पेव उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडल्यावरही माणूस उतरायच्या आधी कंदील सोडून बघतात. इतकी वर्षं त्या धंद्यात दिवाणजी होतो, पण स्वतःच्या पोटात कंदील सोडायचं सुचलं नाही.

माझी खरी चूक वेगळीच. गुडघ्यासाठी मी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची गोळी आणायचो. रोज एक, पावसाळ्यात दोन. तीन वर्षं. डॉक्टर विचारायचे, "दुसरी काही गोळी चालू आहे का?" मी म्हणायचो, "नाही." खोटं बोलायचं मनात नव्हतं. गुडघ्याची गोळी गुडघ्याची, तिचा पोटाशी काय संबंध, असा माझा हिशेब. ही दुखणं थांबवणारी औषधं रक्तातून जाऊन जठराच्या अस्तराचं संरक्षणच कमी करतात. गोळीऐवजी इंजेक्शन घेतलं तरी तेच. तुझ्या पर्समध्ये डोकेदुखीची आयब्युप्रोफेन असते, मी दिवाळीत पाहिली आहे. महिन्यात किती घेतेस ते खरं खरं मोज, आणि डॉक्टरांना तोच आकडा सांग.

पुढं मला जिना चढताना दम लागायला लागला. हिमोग्लोबिन 8 वर आलं होतं. इथल्या एका डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. लोहानं शौचाला काळं होतं हे मला माहीत होतं, त्यामुळं काळं दिसलं तरी मी निर्धास्त. पण हे डांबरासारखं होतं, चिकट, आणि वास असा की आई म्हणाली, हे काहीतरी वेगळं आहे. तिच्या नाकानं मला वाचवलं. दुसऱ्या दिवशी मिरज.

तिथं तोंडातून दुर्बीण घालून जठर आतून पाहिलं. त्या दुर्बिणीची धास्ती घेऊ नकोस. घशात कडू फवारा मारतात, जीभ लाकडासारखी होते. डाव्या कुशीवर निजवतात, दातांत एक रिंग देतात. ओकाऱ्या येतात, डोळ्यांतून पाणी येतं, पोटात हवा भरतात त्यामुळं मोठे मोठे ढेकर येतात आणि लाज वाटते. दहा मिनिटांत संपलं. पडद्यावर मी स्वतः पाहिलं: गुलाबी अस्तरात पांढुरक्या बुडाचा खड्डा.

डॉक्टरांनी कडेचे तुकडे काढले. जठरातल्या अल्सरमध्ये कॅन्सर दडलेला असू शकतो, म्हणून. ते रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. तू रोज रात्री फोन करायचीस आणि मी तुला आयर्विन पुलाखाली पाणी किती चढलंय ते सांगत बसायचो.

एक तुकडा मात्र त्यांनी तिथंच पिवळ्या जेलीत टाकला. थोड्या वेळानं जेली गुलाबी झाली. मी म्हटलं, "डॉक्टर, हे तर कुंकू!" हळदीला चुना लागला की ती लाल होते, तसंच. ते हसले, म्हणाले, तत्त्व तेच आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू अमोनिया तयार करून आपल्याभोवतीचं आम्ल मारतो, म्हणून तर तो जठरात तगतो. त्या अमोनियानं जेलीचा रंग बदलतो. हा जंतू ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या वॉरन आणि मार्शल या दोघांनी शोधला. कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा 1984 साली मार्शलनं त्या जंतूंचा पेलाच पिऊन टाकला. आठवड्याभरात उलट्या, जठराला सूज. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. आणि आम्ही अजून मोरावळ्यावर!

म्हणजे माझ्या पोटात दोन चोर होते, एक जंतू आणि एक गोळी. चौदा दिवस अँटिबायोटिक्स घेतली. तोंडाला दिवसभर तांब्याचं नाणं चोखल्यासारखी चव. डायक्लोफेनॅक बंद झालं ते कायमचं. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण, व्रण भरला होता. कॅन्सर नव्हता. श्वासाची तपासणी करून जंतू गेल्याचीही खात्री केली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. हा जंतू बहुतेक वेळा लहानपणीच शिरतो, आणि बऱ्याचदा घरातल्याच माणसाकडून. तुझ्या लहानपणी तुला घास भरवायच्या आधी मी तो तोंडात घेऊन गरम आहे का बघायचो. तुझ्याकडं तो माझ्याकडून आला असेल किंवा नसेलही. पण डॉक्टरांना "वडिलांना पायलोरीचा अल्सर होता" हे सांगायचं, आणि ते तुला माहीतच नव्हतं. ते माझ्यामुळं.

तुझ्या वयात दुर्बीण लागेलच असं नाही. आधी शौचाची किंवा श्वासाची तपासणी करतात. पण तू मेडिकलमधून आणून घेतेस ती आम्ल कमी करणारी पँटोप्राझोल चालू असली तर जंतू दडून बसतो आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. साधारण दोन आठवडे ती बंद ठेवायला सांगतात, अँटिबायोटिक झालं असेल तर चार आठवडे. हे डॉक्टरांना विचारूनच कर. आणि काळं शौचाला झालं, उलटीत रक्त दिसलं, वजन उतरायला लागलं, तर दोन आठवडे वगैरे काही नाही. त्याच दिवशी दवाखाना, आणि मला फोन. मी निघालोच.

माझे सगळे रिपोर्ट झेरॉक्स करून सोबत ठेवले आहेत. आईनं भडंगाचा डबाही दिलाय. श्वासाची तपासणी उपाशीपोटी असते, तेव्हा डबा त्यानंतर उघड.

तुझे,
बाबा

ता. क. आईला शपथेबद्दल बोलू नकोस. तिचा माझ्यावरचा राग आत्ताच कुठं उतरलाय.