वहीतली ती रेघ

प्रिय मुली,

वयाने तू माझ्या धाकटीपेक्षाही लहान, म्हणून अगं-तुगं करतोय. नाव मुद्दाम लिहीत नाही, तुला ते आवडायचं नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण हसं चारचौघांत झालं होतं.

निवृत्तीनंतर मला नेच्यांचा, म्हणजे फर्नचा, नाद लागला. कर्नाटकातल्या आगुंब्याच्या रानात लोक किंग कोब्राच्या आशेने येतात. मी आपला ओढ्याकाठी उकिडवा बसून पानं उलटी करून बघणारा. त्या सदाहरित रानात भर दुपारीसुद्धा जमिनीवर दिवेलागणीसारखा उजेड असतो आणि तिथेच एक ठेंगणा नेचा मला दोन वर्षं छळत होता. पानाच्या मधल्या दांड्याला दोन्हीकडे लहान लहान पर्णिका, प्रत्येकीच्या बुडाशी वरच्या अंगाला कानाच्या पाळीसारखा उंचवटा. पानामागे मात्र काही म्हणजे काही नाही.

एका जाणकारांना फोटो दाखवला. अर्ध्या मिनिटात निकाल लागला, "अस्प्लेनियम." म्हणजे नेच्यांचीच एक प्रजाती. मी भीत भीत म्हटलं, अस्प्लेनियमच्या पानामागे बीजाणूंच्या, म्हणजे नेचा ज्यातून रुजतो त्या बारीक पुडीच्या, लांबट रेघा असतात ना? "अजून आल्या नसतील." पुढच्या वर्षीही आल्या नाहीत. दुसरे म्हणाले, मुळासकट उपटून आणा, मग बघू. तिसऱ्यांनी तर शिबिरात सगळ्यांदेखत सांगितलं, "काका, नेचे सगळे सारखेच. तुम्ही आपली फुलं बघा." सगळे हसले. मीही हसलो, अशा वेळी हसावंच लागतं. ब्लॅटर आणि डी'आल्मेडा या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९२२ साली मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं, ते काय सगळे सारखे दिसतात म्हणून?

तू फोटो मागितलाच नाहीस. म्हणालीस, "काका, वही दाखवा."

वहीत डाव्या पानावर हा कानवाला, 'नेचा ९'. उजव्या पानावर त्याच्याच शेजारी उगवलेला 'नेचा १०': लांब दांड्यावर ताठ उभा, पर्णिका आखडून बारीक झालेल्या, मागची बाजू तपकिरी पूड फासल्यासारखी. तू बराच वेळ दोन्ही चित्रं बघितलीस. मग थेट चिखलात पालथी पडलीस, पालापाचोळा बोटांनी बाजूला केलास आणि माझं बोट धरून आत नेलंस. दोन्ही दांडे एकाच खोडातून निघाले होते.

पण मला आठवतं ते त्याच्या नंतरचं. हात पुसून तू विचारलंस, "वहीत एक रेघ मारली तर चालेल?" आणि पेन्सिलीने नवाच्या बुडापासून, मधल्या शिवणीवरून, दहाच्या बुडापर्यंत एक हलकी रेघ ओढलीस. आकडे खोडले नाहीस, कुठे फुली नाही. दोन्ही चित्रं माझीच, जशीच्या तशी राहिली. वांझ पान आणि बीजाणूंचं पान, एकाच झाडाची दोन रूपं. बोल्बिटिस अपेंडिक्युलाटा हे नाव तू त्यानंतर, मी विचारल्यावर सांगितलंस. पाचोळा मात्र न सांगता होता तसा परत पसरलास.

मी नोकरीभर काउंटरवर बसलो. चुकलेला फॉर्म तोंडावर भिरकावणारे सहकारी पाहिले आणि तोच फॉर्म आपल्याकडे ओढून, समोरच्याला कानकोंडं न करता नीट करून देणारेही पाहिले. हे दुसरे मोजकेच, त्यांना बढत्याही उशिराच मिळायच्या. त्यांच्या टेबलापुढे रांग मात्र लांब. तुझ्यापुढेही लागेल बघ.

निघताना तू म्हणाली होतीस, बोल्बिटिस हे नाव कंदाच्या ग्रीक शब्दावरून आलंय, पानाच्या टोकाशी येणाऱ्या कोंबामुळे. टोक जमिनीला टेकलं की तिथे नवं रोप धरतं. या खेपेला पुन्हा गेलो तेव्हा तसं एक सापडलं. आईचं पान वाकलेलं, टोकाला मूळ धरलेलं पिल्लू. दोघांची चित्रं समोरासमोरच्या पानांवर काढली आणि मधली रेघ या वेळी मी मारली. जरा वाकडी आलीय.

तुझा,
नेचेवाले काका