खोल्या बांधल्या, व्यवस्था कोणी पाहायची?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या आईने यंदाच्या आषाढात वयाची ७५ वर्षे पूर्ण केली. त्या निमित्ताने पुण्याचा भाऊ, इचलकरंजीची मावशी आणि आम्ही कोल्हापुरातील मंडळी अशी अकरा माणसे दोन रात्री एकत्र राहावीत म्हणून जिल्ह्याच्या पश्चिमेकडील घाटभागातल्या एका रिसॉर्टमध्ये आम्ही चार खोल्या घेतल्या. तो अनुभव इतका निराशाजनक होता की घरातल्या गप्पांपुरता तो ठेवणे मला योग्य वाटत नाही. रिसॉर्टचे नाव मी येथे देत नाही, कारण त्यांच्याविरुद्धची तक्रार मी योग्य त्या ठिकाणी करणारच आहे. शिवाय परतल्यावर नातेवाइकांशी आणि शेजाऱ्यांशी बोलताना थोड्याफार फरकाने हीच हकिकत निरनिराळ्या ठिकाणांबद्दल ऐकायला मिळाली, त्यामुळे हा विषय एका मालकापुरता उरलेला नाही.

खोल्या ठरवताना मी फोनवर तीन गोष्टी स्पष्टपणे विचारल्या होत्या. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने तळमजल्यावरची खोली मिळेल का, सकाळी गरम पाणी असते का, आणि ती माळकरी असल्याने तिचा स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होईल का. तिन्ही प्रश्नांना ‘हो, काही काळजी करू नका’ असे उत्तर मिळाले. एका खोलीचे एका रात्रीचे भाडे साडेतीन हजार रुपये, म्हणजे चार खोल्यांचे दोन रात्रींचे २८ हजार ठरले आणि त्यांपैकी १५ हजार रुपये आगाऊ म्हणून एका मोबाइल क्रमांकावर पाठवायला सांगण्यात आले. पावती मागितली, तेव्हा ‘आल्यावर देऊ’ असे सांगितले गेले. तिथेच मी सावध व्हायला हवे होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा दिवस मावळला होता आणि पाऊस लागून राहिला होता. फाटकाजवळ दिवा नव्हता. स्वागतकक्षात कोणीही नव्हते. दहा-पंधरा मिनिटे हाका मारल्यावर विशीतला एक मुलगा किल्ल्या घेऊन आला आणि तळमजल्यावरच्या खोल्या दुसऱ्या पार्टीला दिल्याचे त्याने खाली मान घालून सांगितले. वरच्या खोल्यांकडे जाणाऱ्या चौदा पायऱ्यांना कठडा नव्हता, फरशीवर शेवाळ धरले होते आणि भावाने मागून, मी पुढून धरत आईला वर नेले. त्या चौदा पायऱ्या चढताना मला वाटलेली भीती मी अजून विसरलेले नाही. खोलीत भिंतीला खालपासून कमरेपर्यंत ओल होती, कुबट वास भरून राहिला होता आणि पलंगावरची चादर आधीच्या पाहुण्यांनी वापरलेली होती. बदलून मागितली, तर त्या मुलाने तीच चादर उलटी करून घालायला सुरुवात केली. त्याला थांबवून आम्ही घरून आणलेल्या शाली आणि सोलापुरी चादरी अंथरल्या. एका खोलीची आतली कडी तुटलेली होती. तिथे माझ्या दोन्ही भाच्या झोपणार होत्या, म्हणून दाराला आतून टेबल लावावे लागले.

गरम पाण्याची सोय सौरबंबावर होती. आषाढात घाटभागात चार-चार दिवस ऊन पडत नाही, हे कोल्हापूर जिल्ह्यात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. तरीही विजेचा गिझर किंवा निदान लाकडावरचा बंब असा कोणताच पर्याय ठेवलेला नव्हता. सकाळी नऊ वाजता गॅसवर तापवलेल्या पाण्याच्या दोन बादल्या अकरा माणसांसाठी आल्या. पहिल्या रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. जनरेटर होता, पण त्यात डिझेल नव्हते.

जेवणाबद्दल लिहिताना मला सर्वांत जास्त वाईट वाटते. स्वयंपाकी दोन दिवसांपूर्वीच काम सोडून गेला होता आणि ही गोष्ट आम्हाला आधी कळवण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. तांबड्या-पांढऱ्यासाठी लांबून माणसे ज्या जिल्ह्यात येतात, तिथे आमच्यापुढे तांबडा रस्सा म्हणून लाल तिखट घातलेले कोमट पाणी आले आणि पांढऱ्यात खोबऱ्याचा मागमूस नव्हता. तेही आम्ही निभावून नेले असते. परंतु रश्श्यातला डाव तसाच आईच्या वरणात बुडवलेला मावशीने पाहिला, आणि आई काही न बोलता ताटावरून उठली. पंच्याहत्तरीचा दिवस तिने राजगिऱ्याचे लाडू आणि केळी खाऊन काढला.

दुसऱ्या रात्री तळमजल्यावरच्या पार्टीने अंगणात मोठे स्पीकर लावले आणि ते रात्री दीडपर्यंत वाजत होते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. हे सांगायला आम्ही खाली गेलो, पण सांगायचे कोणाला? अखेर भावाने ११२ क्रमांकावर फोन करतो असे त्या मंडळींनाच बजावले, तेव्हा आवाज थांबला.

या सगळ्यात त्या मुलावर माझा राग नाही, हे मला मुद्दाम लिहायचे आहे. किल्ल्या देणे, चादरी घालणे, पाणी तापवणे, स्वयंपाकी नसताना जेवण रांधणे आणि रात्री राखण करणे ही सर्व कामे तो आणि त्याचा एक चुलतभाऊ करत होते. ‘मालक पुण्याला असत्यात, मावशी. मला फकस्त किल्ल्या द्यायला म्हणून ठेवलंय,’ असे तो म्हणाला, आणि मालकांचा फोन दोन्ही दिवस लागला नाही. माझ्या मते दुखणे नेमके इथे आहे. घाटात जमीन घ्यायची, दहा-बारा खोल्या उठवायच्या, उन्हाळ्यातल्या एखाद्या स्वच्छ सकाळी छायाचित्रे काढून घ्यायची आणि नंतर कारभार गावातल्या दोन अप्रशिक्षित, अपुऱ्या पगारावरच्या मुलांच्या अंगावर टाकून निघून जायचे, अशी रीत पडत चालली आहे. पाहुणा संतापला की ते बोलणे त्या मुलांनी खायचे आणि पैसे मात्र दूरच्या खात्यावर जमा व्हायचे, हे मला अन्यायाचे वाटते.

मोठ्या सुखसोयींची आमची अपेक्षाच नव्हती. मुले लहान असताना दाजीपूरच्या बाजूला एका शेतकरी कुटुंबाच्या घरी आम्ही राहिलो होतो. शेणाने सारवलेली जमीन, वाकळा आणि न्हाणीघरात चुलीवरून उपसून आणलेले कढत पाणी, एवढेच तिथे होते. परंतु वाकळांना उन्हाचा वास होता आणि घरातली बाई ‘पोरांचं पोट भरलं का’ हे स्वतः येऊन विचारत होती. तिथे आमची जबाबदारी घेणारे माणूस घरातच होते, आणि नेमके तेच या रिसॉर्टमध्ये आम्हाला सापडले नाही.

निघताना आमच्या हाती वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेला आकडा देण्यात आला. त्यात जादा गाद्यांचे पैसे होते, ज्यांच्या जागी आम्हाला सतरंज्या मिळाल्या होत्या, आणि जीएसटी म्हणून एक रक्कमही होती. जीएसटी क्रमांक मात्र कुठेही नव्हता. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने लावायचा अन्नसुरक्षा परवाना भिंतीवर दिसला नाही आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापणे बंधनकारक असलेला त्याचा १४ अंकी क्रमांकही त्या पानावर नव्हता. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सेवेबद्दल दिशाभूल करणारी जाहिरात करणे हाही त्या कायद्याखाली कारवाईचा विषय आहे. वाचकांना उपयोगी पडेल म्हणून सांगते, की या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी मार्गदर्शन मिळते. फोनवरचे बोलणे सिद्ध करता येत नाही, म्हणून खोली ठरवताना जे कबूल झाले ते संदेशाद्वारे लिहून घ्यावे. आम्ही ते केले नाही आणि आता पैसे पाठवल्याची नोंद व आम्ही काढलेली छायाचित्रे एवढाच पुरावा आमच्याजवळ आहे.

मात्र चार दिवसांची रजा काढून आलेला नागपूरचा किंवा नाशिकचा माणूस दोन रात्रींच्या मनस्तापासाठी खटला लढवणार नाही. तो फक्त पुन्हा इकडे येणार नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी वारशातील बारा किल्ल्यांत पन्हाळ्याचा समावेश केला. राधानगरी अभयारण्य पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत २०१२ पासूनच आहे. गवे, धबधबे, मसाईच्या पठारावरची फुले पाहायला आणि अंबाबाई-जोतिबाच्या दर्शनाला येणाऱ्या माणसाची रात्र कशी जाते, यावर तो आपल्या जिल्ह्याविषयी काय सांगत फिरणार हे ठरते. म्हणून पाहुणा फसल्यानंतर दाद मागण्याची सोय असणे पुरेसे नाही, तो येण्याआधीच तपासणी झालेली असली पाहिजे.

२०२० च्या कृषी पर्यटन धोरणात पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करण्याची व्यवस्था आहे. जिल्हा प्रशासनाने माणसे मुक्कामाला ठेवणाऱ्या प्रत्येक जागेची तशी नोंद घ्यावी, पावसाळा आणि दिवाळीची सुट्टी सुरू होण्यापूर्वी ग्रामपंचायत व अन्न आणि औषध प्रशासन यांच्यामार्फत पाणी, स्वयंपाकघर, पायऱ्या आणि आग विझवण्याची साधने तपासावीत, आणि प्रवेशद्वारावर रात्रीही उपलब्ध असणाऱ्या जबाबदार व्यक्तीचे नाव व चालू असलेला फोन क्रमांक लिहिणे सक्तीचे करावे. शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिला खर्च जवळजवळ नाही, आणि त्या दोन रात्री आम्हाला नेमकी तिचीच गरज होती.

आमची तक्रार मी या आठवड्यात जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाखल करत आहे. तिची प्रत, छायाचित्रांसह, जिल्हाधिकारी कार्यालयालाही देणार आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर