ट्रॅक्टरवर ५ टक्के, मग आमच्या ग्राफिक्स कार्डावर १८ का?

माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. लग्नाचे, वास्तुपूजनाचे, हरिनाम सप्ताहाचे व्हिडिओ एडिट करणे हे माझे काम. जोडीला घरची कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तूर. गावातली चार-दोन पोरे माझ्याकडे ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी चित्रे करायचे सॉफ्टवेअर, शिकायला येतात.

दिवाळीनंतर मी नागपुरातल्या एका दुकानात १६ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकातला व्हिडिओचे जड काम ओढणारा भाग, बुक केले. भाव ठरला, ॲडव्हान्स दिला, पावती घेतली. मागच्या आठवड्यात दुकानदाराचा फोन आला, "भाऊ, मेमरी महागली. वरचे पैसे टाका, नाहीतर ॲडव्हान्स परत घेऊन जा." पावतीवर भाव लिहिलेला असूनही तो हे बोलू शकतो आणि मी त्याचे काही वाकडे करू शकत नाही. लग्नसराई तोंडावर आहे. माझ्या जुन्या ४ जीबीच्या कार्डावर फोर-के फुटेजला नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे काढणे) लावले की रिझॉल्व्ह हे एडिटिंगचे सॉफ्टवेअर 'जीपीयू मेमरी भरली', म्हणजे कार्डाची मेमरी संपली, असा निरोप देऊन थांबते. नवरीच्या बापाला हे कसे समजावून सांगायचे?

तेव्हापासून मी एनव्हिडिया कंपनीच्या येऊ घातलेल्या आरटीएक्स ५०७० सुपर या कार्डाचा हिशेब मांडत बसलो आहे. जानेवारी २०२६ मध्ये लास वेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात ते जाहीर होईल असे सगळे धरून चालले होते. झाले नाही. चर्चा अशी आहे की त्यावर १८ जीबी मेमरी असेल, आणि ती पटण्यासारखी आहे. आजच्या ५०७० वर २ जीबीच्या सहा चिप आहेत, म्हणून १२ जीबी. त्याच सहा जागी ३ जीबीच्या नव्या चिप बसवल्या की १८ होतात. बाकी कार्ड जवळपास तेच राहील. कोअर, म्हणजे आतले हिशेब करणारे भाग, ६,१४४ वरून ६,४०० च्या आसपास जातील म्हणतात, म्हणजे जेमतेम चार टक्के वाढ. वेगात फार तर पाच-सात टक्क्यांचा फरक पडेल, असा माझा अंदाज आहे. पण माझ्यासारख्याचे काम वेगावर अडत नाही, मेमरीवर अडते. सहा जीबी जास्तीची म्हणजे माझ्यासाठी अख्खा सीझन.

कंपनीच्या शब्दावर मी जात नाही. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या प्रमुखांनी मंचावरून सांगितले होते की ५४९ डॉलरच्या ५०७० मध्ये आधीच्या पिढीतल्या सगळ्यात ताकदवान ४०९० कार्डाची कामगिरी मिळेल. ती कामगिरी एआयने मधे मधे भरलेल्या फ्रेम मोजून होती. रेंडर करताना, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढताना, त्या फ्रेमचा काडीचा उपयोग नाही.

आता भाव. २०२५ मध्ये ५०७० भारतात ५९,००० रुपयांना जाहीर झाले. तेव्हा डॉलर ८६ रुपयांच्या आसपास होता. ५४९ डॉलरचे झाले ४७ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी साडेआठ हजार, उरलेल्यात वाहतूक आणि विक्रेता. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली. मेमरीचे भाव पाहता सुपर जुन्याच किमतीत येईल यावर माझा विश्वास नाही. ६४९ डॉलर धरा. ९० रुपयांनी साधारण ५८,४०० होतात, त्यावर साडेदहा हजार कर. वाहतूक आणि विक्रेता धरून ७२ हजारांच्या खाली ते नागपुरात मिळणार नाही. यवतमाळात त्याहून वर.

हे साडेदहा हजार कोण भरतो ते पाहा. मुंबईचा मोठा स्टुडिओ हेच कार्ड घेतो तेव्हा त्याच्याकडे जीएसटी नंबर असतो. भरलेला कर तो इनपुट क्रेडिट म्हणून वळता करून घेतो. माझी उलाढाल २० लाखांच्या जवळपासही नाही, म्हणून मला नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नाही म्हणून एक रुपयाही परत नाही. सगळ्यात लहान माणूस पूर्ण कर भरतो आणि सगळ्यात मोठा तो मोकळा करून घेतो. २२ सप्टेंबर २०२५ ला तुम्ही जीएसटीचे दर बदलले. ट्रॅक्टर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. चांगले झाले, कास्तकाराचे ते अवजार आहे. माझे अवजार मात्र १८ वरच राहिले. एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ वर आणले, म्हणजे आज श्रीमंताच्या दिवाणखान्यातला एसी आणि माझे रोजीरोटीचे कार्ड एकाच रांगेत आहेत.

बँकेत गेलो तर तिथेही तेच. साहेबांनी कोटेशन पाहिले आणि विचारले, "हे पोरांचे गेम खेळायचे ना?" मी कामाचे नमुने दाखवले, गेल्या सीझनच्या ऑर्डरची वही दाखवली. फाइल बाजूला सरकली ती सरकलीच. बाबा म्हणाले, "घे बाप्पा, पण कर्ज काढू नोको. कापूस विकू अन् घेऊ."

त्या कापसाचे काय झाले ते तुमच्याच सरकारला विचारतो. १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले. आमच्या पऱ्हाटीची बोंडे फुटतात, वेचणी होते, माल घरात येतो तो नेमका याच महिन्यांत. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये कागदावर होता, पण ओलावा १२ टक्क्यांवर गेला की खरेदी केंद्रात गाडी परत. पैशाची नड असलेला माणूस दारात आलेल्या व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. आम्हीही दिला, क्विंटलला सात हजारही पडले नाहीत. म्हणजे त्या कार्डावरचा नुसता कर फेडायला आमचा दीड क्विंटल कापूस जातो. बाहेरून येणाऱ्या कापसासाठी सरकारने एका फटक्यात दार उघडले. बाहेरून येणाऱ्या आमच्या अवजारासाठी तेवढी घाई कधीच कुणी केली नाही. आम्ही विकतो ते स्वस्त, आम्ही घेतो ते महाग, आणि दोन्ही निर्णय दिल्लीतच होतात.

तुम्ही म्हणाल की सरकारने एआय मिशनसाठी १०,३०० कोटींहून जास्त मंजूर केले, ३८ हजारांवर जीपीयू उभे केले, ६५ रुपये तासाने देतो. ते एआयची मॉडेल घडवणाऱ्यांसाठी आहेत. लग्नाचे चारशे जीबी फुटेज मी या गावातून कोणत्या नेटवर चढवू? गावठाण फीडरची वीज कधी जाते याचा नेम नाही, टॉवर बॅटरीवर आला की नेटही गेले.

आणि मेमरी महागली कशाने? एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलला, कंपन्यांनी कारखाने तिकडे वळवले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांचा क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. त्याच मायक्रॉनच्या साणंदच्या २२,५१६ कोटींच्या प्रकल्पात ५० टक्के पैसा केंद्राचा आणि २० टक्के गुजरात सरकारचा. त्यात माझ्या साबणावरचा आणि काडीपेटीवरचा करही आहे. इतका पैसा देताना भारतातल्या साध्या ग्राहकासाठी मालाचा काही वाटा राखून ठेवण्याची अट घालावी, असे कुणालाच वाटले नाही?

साणंद गुजरातेत, धोलेऱ्याचा चिप कारखानाही गुजरातेत. वेदांत-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प महाराष्ट्रातून गुजरातेत गेला आणि तिथेही उभा राहिला नाही. टाटा-एअरबस विमानाचा कारखाना नागपूरच्या मिहानला येणार असे आमच्याच राज्याचे मंत्री सप्टेंबर २०२२ मध्ये सांगत होते. पुढच्याच महिन्यात तो वडोदऱ्याला गेला. विदर्भाचे वैधानिक विकास मंडळ ३० एप्रिल २०२० पासून मुदत संपून पडले आहे. नागपूरचे हिवाळी अधिवेशन डिसेंबर २०२५ मध्ये आठवडाभरात गुंडाळले. माझ्याकडे शिकणारी पोरे मग पुण्याच्या गाडीत बसतात. त्यांना इथे राहायचे आहे, मंत्रिमहोदय. त्यांनी तसे मला सांगितले आहे.

जीएसटी परिषदेचा विषय आहे, अर्थखात्याचा आहे, असे उत्तर मला नको. परिषदेत केंद्राचा आवाज असतो आणि हे खाते तुमचे आहे. नोंदणी नसलेल्या लहान कारागिराला ग्राफिक्स कार्डावरचा कर परत मिळण्याची सोय करा, किंवा कार्ड ट्रॅक्टरच्या ५ टक्क्यांत आणा. पावती फाडल्यावर भाव वाढवणाऱ्या विक्रेत्याला दंड बसेल असा नियम करा. मुद्रा कर्जासाठी हे यंत्र आहे, असे बँकांना लेखी कळवा. ५०७० सुपर बाजारात उतरण्याआधी हे करा, कारण एकदा ७२ हजारांचा भाव बसला की तो खाली येत नाही.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
दारव्हा तालुक्यातला एक व्हिडिओ एडिटर