सिमेंटचा साठा महागात पडतो

कारागिरांनी हिवाळ्यातच बांधकाम साहित्य भरून ठेवावे, हा आपल्या अंकातील लेखात दिलेला सल्ला विटा-खडीपुरता ठीक आहे. सिमेंटला तो लागू होत नाही. ३ महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद साधारण २० टक्क्यांनी घटते, दमट जागेत त्याहून लवकर. गोणीच्या कोपऱ्यात बोटांनी न फुटणारे खडे लागले, की ते पैसे बुडालेच. साठा पडून राहू नये म्हणून हिवाळ्यातच काम काढले, तर ५ अंश सेल्सिअसखाली काँक्रीट फार सावकाश घट्ट होते. त्याला आधार देणाऱ्या फळ्या-टेकू, म्हणजे सेंट्रिंग, जादा दिवस अडकतात आणि त्याचे भाडे चढत जाते. अंदाजपत्रकात हा खर्च कोणी धरत नाही (मीही कित्येक वर्षे धरला नव्हता). त्यापेक्षा गोण्या कामापुरत्याच घ्याव्यात आणि दर किती दिवस लागू राहील ती मुदत अंदाजपत्रकावर लिहावी.

– एक बांधकाम ठेकेदार