सूचना : सोमवारपासून पर्वती, सकाळी 6 वाजता

सर्व सभासदांना नमस्कार.

फराळ संपला, आता सबबीही संपवू या. सोमवारपासून पर्वतीच्या पायथ्याशी, पहिल्या पायरीजवळ जमायचं. पाच मिनिटं वाट पाहू, मग चढायला सुरुवात.

नवीन मंडळींसाठी : पायऱ्या 103 आहेत. चढताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग पुरे. दम लागला तर कडेला थांबा, लाजू नका. पहिला आठवडा एकच फेरी. हौसेने पहिल्याच दिवशी पाच फेऱ्या मारणारे चौथ्या दिवशी दिसत नाहीत, हा दरवर्षीचा अनुभव. उतरताना तर घाई नकोच, गुडघ्यांवर खरा ताण तेव्हा येतो.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. आपलं तेवढं सहज होतं.

प्रत्येकाने जोडीदार ठरवावा. एक आला नाही तर दुसऱ्याने फोन करायचा. बूट-मोजे रात्रीच दाराशी काढून ठेवा. पहाटे मोजे शोधण्यातच बेत बारगळतो. रविवारी खाली उतरल्यावर पोहे-चहा, खर्च ज्याचा त्याचा.

हृदयविकार, रक्तदाब किंवा गुडघेदुखी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पायऱ्या नकोत त्यांनी सारसबागेत सपाटीवर चालावं, पोह्यांना यावंच.

घड्याळातल्या पावलांचे स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नयेत, ही पुन्हा एकदा नम्र विनंती.

नावं शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.