ताडोबाजवळील तंबू-निवासात कोअर सफारीचे पैसे घेऊन बफर सफारी दिल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गेल्या मे महिन्यात मी, माझी पत्नी व माझी आई असे तिघे आपल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाजवळील तंबू-निवासात राहून आलो. आरक्षण आपल्या पणजीतील प्रतिनिधीमार्फत केले होते. म्हादई अभयारण्य व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२३ साली दिल्यापासून आमच्या डिचोली-सत्तरी भागात या विषयाची चर्चा सतत चालू असते, आणि आपल्या प्रतिनिधीनेही तोच धागा पकडून, चालता-बोलता व्याघ्र प्रकल्प एकदा डोळ्यांनी पाहून या, असे आम्हाला सुचविले होते. मोहर्ली प्रवेशद्वारातून कोअर म्हणजे प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील सफारी ठरलेल्या रकमेतच समाविष्ट आहेत, असे पावतीसोबतच्या कार्यक्रमपत्रिकेत स्पष्ट छापलेले आहे. त्यासाठी आमची ओळखपत्रे आपण फेब्रुवारीतच मागवून घेतली होती.

प्रत्यक्षात पहिल्या पहाटे जिप्सी मोहर्लीच्या दाराशी न जाता आगरझरीच्या बफर, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्याच्या, दाराशी जाऊन थांबली. चालकाने तेथे हातात दिलेल्या परवान्यावर आमची नावे व ओळखपत्रांचे क्रमांक बरोबर होते. मात्र प्रवेशद्वार आगरझरी आणि आरक्षण केल्याचा दिनांक आम्ही पोहोचण्याच्या आदल्या दिवसाचा होता. कोअरचे परवाने वन विभागाच्या संकेतस्थळावर प्रवाशाच्या नावानेच मिळतात व उन्हाळ्यात ते लवकर संपतात, हे आपल्यासारख्या कंपनीला ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. पैसे व ओळखपत्रे हाती असूनही आपण वेळेत आरक्षण केले नाही आणि ते आम्हाला कळविलेही नाही. पुढील सफारीही बफरमध्येच झाल्या. कोअर व बफरचे शुल्क सारखे नसते. फरकाच्या रकमेचा उल्लेख आपल्या एकाही कर्मचाऱ्याने केला नाही.

याहून गंभीर बाब अशी की, कार्यक्रमपत्रिकेत मंगळवारी सकाळीही कोअर सफारी दाखविलेली आहे. ताडोबाचे कोअर क्षेत्र दर मंगळवारी पर्यटकांसाठी बंद असते. जी सफारी होऊच शकत नव्हती, तिचे पैसे आपण घेतले आहेत.

याबाबत निवासाच्या व्यवस्थापकांना विचारले असता, "वाघीण दिसली ना तुम्हाला, मग तक्रार कशाची?" असे उत्तर मिळाले. वाघीण दिसली हे खरे आहे. सांबराचा इशारा ऐकताच आमच्या स्थानिक गाइडने गाडी थांबवून इंजिन बंद करायला लावले आणि थोड्याच वेळात ती बांबूच्या बेटातून निघून रस्ता ओलांडून गेली. त्या गाइडच्या जाणकारीबद्दल आमच्या मनात आदरच आहे. परंतु वाघ दिसणे ही आपण विकलेली वस्तू नव्हती, आणि तिचे श्रेय आपण घेण्याचे कारण नाही. आईला ताडोबा तलाव व त्याच्या काठचे तारूदेवाचे ठाणे पाहायचे होते. ते १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या भागात, म्हणजे कोअरमध्येच आहे. वय पाहता ती पुन्हा एवढा प्रवास करील असे वाटत नाही.

तंबूविषयी थोडक्यात लिहितो. दर्शनी पडद्याची चेन तुटलेली असल्याने तो रात्री सुतळीने बांधावा लागे. चंद्रपूरच्या मे महिन्यात वातानुकूलन यंत्र संध्याकाळी वारंवार बंद पडत होते, आणि चालू राहिले तर तंबूमागच्या डिझेल जनरेटरमुळे झोप अशक्य होती. "जंगल आहे, एवढे चालायचेच" हे आपल्या कर्मचाऱ्यांचे ठरलेले उत्तर होते. चेन दुरुस्त न करण्याशी जंगलाचा काय संबंध, हे मला अद्याप उमगलेले नाही.

माझ्या ई-मेलला उत्तर म्हणून आपण "रक्कम परत मिळणार नाही" या छापील अटीकडे बोट दाखविले आहे. ती अट ग्राहकाने स्वतः आरक्षण रद्द केल्यास लागू होऊ शकेल. न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेण्याचा अधिकार तिच्यातून मिळत नाही. म्हणून मंगळवारच्या सफारीची संपूर्ण रक्कम, उरलेल्या सफारींसाठी आकारलेली रक्कम व बफरचे प्रत्यक्ष शुल्क यांतील फरक, तसेच तंबूच्या भाड्याचा वाजवी भाग हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत माझ्या खात्यात जमा करावा, आणि कोअरचे आरक्षण का झाले नाही याचा लेखी खुलासा द्यावा. पावती, कार्यक्रमपत्रिका व सर्व परवान्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पर्वरी येथील उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे त्यासाठी मला चंद्रपूरला जाण्याची आवश्यकता नाही.

कळावे.

आपला,
तक्रारदार ग्राहक
डिचोली, गोवा