डाळिंबाच्या साली आणि तू मागितलेला आकडा

पाषाण, पुणे

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ज्यूस युनिटमागे सालींचा ढीग कुजत पडतो, अल्ट्रासाउंड लावून त्यातून अँटिऑक्सिडंट काढता येतील का, असं तू विचारलंयस. येतील. डाळिंबाच्या वजनातला ४० ते ५० टक्के भाग साल-पापुद्र्यांचा असतो आणि टॅनिनचा खरा साठा दाण्यांत नसून तिथेच असतो. प्युनिकॅलॅजिन त्यातलं मुख्य, शिवाय एलॅजिक आणि गॅलिक आम्लं. पोट बिघडलं की तुझी आजी वाळलेली साल उगाळून द्यायची, तिचा तुरटपणा याच टॅनिनचा.

पण "किती मिनिटं, किती तापमान, एकच आकडा कळव" असं तू लिहिलंस, तिथे मी अडलोय. तसा आकडा कळवला तर तुझंच नुकसान होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आत काय घडतं ते. अल्ट्रासाउंड यंत्राचा प्रोब, म्हणजे द्रवात बुडवायची धातूची दांडी, साधारण २० किलोहर्ट्झने, म्हणजे सेकंदाला २०,००० वेळा थरथरतो. त्या ताणाने द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, फुगतात आणि एकदम मिटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. मिटताना बुडबुड्याच्या आत क्षणभर ५,००० केल्विनच्या आसपास तापमान जातं, पण ती जागा इतकी लहान की भोवतालचा द्रव फारसा तापत नाही. सालीच्या कणालगत बुडबुडा मिटला तर तो एका बाजूने दबतो आणि द्रवाची बारीक धार कणावर आदळते. पेशीभित्ती फाटते, द्रावक (इथे पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण) आत शिरतं, टॅनिन बाहेर येतं. सॉक्सलेट या प्रयोगशाळेतल्या काचेच्या उपकरणात द्रावक तासन्‌तास उकळून जे मिळवायचं, ते इथे काही मिनिटांत आणि कमी तापमानात हाती येऊ शकतं.

गोम अशी की यातला एकही घटक स्वतंत्र नाही. तापमान वाढवलं तर टॅनिन लवकर विरघळतं, पण द्रावकाची वाफ बुडबुड्यात भरते आणि त्याचं मिटणं मऊ पडतं. वेळ वाढवला तर पहिल्या काही मिनिटांनंतर भर फारशी पडत नाही. उलट पाण्याचे रेणू तुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिशय क्रियाशील तुकडे तयार होतात आणि आपण काढलेल्या अँटिऑक्सिडंटवरच तुटून पडतात. निव्वळ अल्कोहोलपेक्षा पाणी मिसळलेलं अल्कोहोल बरं, कारण पाण्याने पेशी फुगतात आणि ही टॅनिनं पाण्यातही विरघळतात. मग तापमान बदललं की योग्य वेळही बदलते.

म्हणूनच एका वेळी एकच गोष्ट बदलत जायची पद्धत इथे फसते. धुक्यात वेताळ टेकडी चढतोयस असं समज. आधी फक्त पूर्वेकडे चाललास, उतार लागताच थांबलास. मग फक्त उत्तरेकडे, पुन्हा उतार लागताच थांबलास. टेकडीची धार तिरपी गेली असेल, तर माथ्याच्या बराच अलीकडे थांबून तू वर पोचलो असं मानशील.

रसायन उद्योगातल्या अशाच अडचणीतून संख्याशास्त्रज्ञ बॉक्स आणि रसायनशास्त्रज्ञ विल्सन यांनी १९५१ मध्ये सगळे घटक एकत्र हलवून पाहण्याची रीत मांडली. १९६० मध्ये आलेला बॉक्स-बेनकेन हा प्रयोगांचा आराखडा तुझ्या कामाला चपखल बसतो. तापमान, वेळ आणि अल्कोहोलचं प्रमाण, प्रत्येकाचे तीन स्तर धरले तर सगळ्या जोड्या होतात २७. या आराखड्यात १२ प्रयोग कडांचे (दोन घटक टोकाला, तिसरा मधल्या स्तरावर) आणि मध्यबिंदूचे (तिन्ही घटक मधल्या स्तरावर) तीन ते पाच, एवढ्यावर भागतं. सर्वांत जास्त तापमान, सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत जास्त अल्कोहोल असं तिहेरी टोक त्यात येतच नाही. मध्यबिंदू पुन्हापुन्हा का करायचा? तोच प्रयोग परत केल्यावर आकडा किती हलतो ते कळल्याशिवाय बाकीच्या फरकांना अर्थ नसतो. प्रयोगांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरव. सालीच्या भुकटीतला ओलावा दर वेळी मोज. पावसाळ्यात ती हवेतलं पाणी ओढून घेते आणि वजनं खोटी पडतात.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. यंत्रावरचा "४० टक्के ॲम्प्लिट्यूड" (प्रोबच्या थरथरीचा आवाका) हा आकडा वहीत लिहून भागत नाही. बीकरमध्ये पाणी घे, यंत्र चालव, थर्मामीटर बघ. २०० ग्रॅम पाणी मिनिटात ३ अंशांनी तापलं, तर द्रवात सुमारे ४२ वॅट उतरले. हे मोजलंस तरच तुझा प्रयोग दुसऱ्या यंत्रावर पुन्हा करता येईल.

आणि सर्वांत उंच बिंदूच्या मागे लागू नकोस. माथा पुष्कळदा सपाट असतो. त्या सपाटीवर ज्या जागी वेळ, अल्कोहोल आणि वीज सर्वांत कमी लागते, ती जागा तुझी. मात्र उत्तर तू घेतलेल्या मर्यादेच्या अगदी कडेला आलं, तर मर्यादाच पुढे सरकव. निवडलेल्या जागी पुन्हा प्रयोग करून ताळा जुळतो का ते पाहिल्याशिवाय यंत्र विकत घेऊ नकोस.

यंत्रावरून आठवलं. प्रोबचा जोर त्याच्या टोकाखाली थोड्याच अंतरात असतो. पिंपात बुडवलास तर बाकीचा माल नुसता भिजत राहील. मोठ्या प्रमाणावर पंपाने द्रव भोकांच्या चकतीतून दाबून नेऊनही कॅव्हिटेशन करता येतं. मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) अनिरुद्ध पंडित यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलंय. तुझ्या आवाक्याला हा रस्ता मला जास्त पटतो.

अर्काची अँटिऑक्सिडंट ताकद तपासायला डीपीपीएच हे जांभळं रसायन वापरू. अर्क मिसळला की त्याचं द्रावण फिकट होत पिवळं पडतं आणि ५१७ नॅनोमीटरवर मोजता येतं. पण ते परीक्षानळीतलं बळ झालं, शरीरातलं नव्हे. तेव्हा बाटलीवर रोग बरे करण्याचे दावे छापायचे नाहीत, हे आत्ताच ठरवून टाक.

आता साली पाठव. भगवा जातीच्याच, सावलीत वाळवलेल्या, बुरशी न आलेल्या. कुठल्या बागेच्या, शेवटची फवारणी कधी आणि कशाची, हे प्रत्येक पिशवीवर लिही. फवारणीच्या औषधाचे अंश सालीवर राहतात आणि टॅनिनबरोबर तेही अर्कात उतरू शकतात, म्हणून पहिली तपासणी मी त्याचीच करून घेणार आहे.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश